टीव्ही वर, बायका खाली

३ मार्च, सोमवार

ठरलं. केबल तोडायची. एकदाच तोडायची, पुन्हा नाव काढायचं नाही.

केबलचा दोष नाही. दोष वन्संचा. संध्याकाळी मालिकेची वेळ झाली की जिना वाजतो, धप्प धप्प, आणि आमच्या वन्सं आपली उशी काखेत मारून हजर. टीव्ही माझा, वरची खोली माझी, आणि खुर्चीत कोण? वन्सं. म्हणे ही माझ्या दादाची खुर्ची. अहो, तो दादा माझा नवरा होता ना? मग खुर्चीत एखादा पाय तरी माझा असेल!

बरं, बसल्या तर गप बसाव्या. नाही. डोळ्यांना धड दिसत नाही, म्हणून घडीघडी विचारणार. वहिनी, तिने काय घातलंय? वहिनी, दारात कोण आलं? मी बिचारी सांगत बसते. आणि दुसरी खोड त्याहून वाईट. टीव्हीतलं माणूस एक वाक्य बोललं की तेच वाक्य वन्सं स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवतात. मोठ्याने. पोपट पाळला असता तर निदान उडून तरी गेला असता.

मला माझी मालिका एकटीने, शांतपणे बघायचीय. एवढंच मागणं आहे.

लेकीने एक कांडी पाठवलीय. काडेपेटीएवढी. टीव्हीच्या मागे खुपसली की झालं, केबल नको, काही नको. वन्संना सांगायचं, टीव्ही बिघडला. मग मी दार लावून बघणार. त्यांना काय कळतंय.

४ मार्च, मंगळवार

केबलवाला आला. कानावर पेन्सिल, पोट पुढे. म्हणाला, मावशी, काकांच्या वेळेपासून जोडणी आहे, असं एकदम तोडताय? मी म्हटलं, काका गेले तेव्हा त्यांना परत मागितलं नाही, तुझी वायर कशाला मागू?

तो हसला नाही. डबा काढला, वायर गुंडाळली. जाता जाता दारातून म्हणाला, नेट आहे ना? मी म्हटलं, आहे की, न असायला काय झालं.

मग लेकीला फोन केला, नेट म्हणजे काय ते विचारलं. नाहीये.

संध्याकाळी

वन्सं आल्या. मी तोंड पाडून सांगितलं, टीव्ही बिघडला. मला वाटलं आल्या पावली खाली जातील. त्या खुर्चीत बसल्या. उशी पाठीशी लावली. काळ्या टीव्हीकडे तोंड करून म्हणाल्या, वहिनी, काय दिसतंय?

मी म्हटलं, आपण दोघी. काचेत.

म्हणाल्या, कशा दिसतोय?

मी म्हटलं, तुम्ही जाड.

मालिका संपायची वेळ होईपर्यंत बसून होत्या. काहीही चालू नसताना. माणसाला लाज असावी.

६ मार्च, गुरुवार

नेट जोडायला माणूस यायचा होता. आला. कानावर पेन्सिल, पोट पुढे. तोच. आता केबलवाले नेटही देतात म्हणे. वायर त्याच भोकातून आत घेतली, परवा बाहेर काढली तिथूनच. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले, ओळख दाखवली नाही. त्यानेही दाखवली नाही. फक्त जाताना म्हणाला, काकांना नमस्कार सांगा.

आगाऊ आहे.

७ मार्च, शुक्रवार

कांडी बसवली. मी स्वतः. लेक फोनवर होती, पण ती नुसती बोलत होती, हात माझे होते. टीव्हीच्या मागे तीन भोकं. मी पहिल्या दोनात घालून पाहिली म्हणून तिला हसायला काय झालं? ती लहानपणी दोन्ही पाय एकाच बुटात घालायची, तेव्हा मी हसले होते का? हसले होते. पण तेव्हा मी तिची आई होते.

पासवर्ड तिने फोनवरून सांगितला. मी एकेक अक्षर परत म्हणून खात्री करून घेतली. फोन स्पीकरवर ठेवते मी, हल्लीचे फोन फार हळू वाजतात.

दुपारी समोरची शिंपीणबाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, तुमच्या पासवर्डात तुमच्या लग्नाची तारीख आहे होय? आमच्याकडे पण तीच टाकायची का?

गल्लीतल्या लोकांना दुसऱ्याचं ऐकायची भारी सवय.

८ मार्च, शनिवार

मोठी बातमी! आपली मालिका केबलवर संध्याकाळी लागायची, ह्या कांडीवर तोच भाग सकाळीच येतो. म्हणजे वन्सं खाली दात घासत असतील तेव्हा मी वर थोरली आणि धाकटीचं भांडण बघून मोकळी.

दार लावलं, बघितलं. चित्र काय स्वच्छ! थोरलीच्या नाकावरचा तीळसुद्धा दिसतो, केबलवर कधी दिसला नव्हता. एकच खोट. ॲपमध्ये आवाज नाही. म्हणजे आहे, पण माणसं पुटपुटतात. थोरली पाच मिनिटं नुसते ओठ हलवत होती. आवाज पूर्ण वाढवला तरी तेच. लेकीकडे तक्रार केली. ती म्हणाली, आई, कान तपासून घे. मी म्हटलं, माझ्या कानात काय खजिना पुरलाय शोधायला? ॲप तपासून घे म्हणावं.

संध्याकाळी जिन्यात वन्सं भेटल्या. उशी काखेत. म्हणाल्या, वहिनी, तुमचा बिघडलेला टीव्ही सकाळी फार छान चालत होता.

ही लाकडी जमीन. फळ्याफळ्यांतून सगळं खाली झिरपतं. असो. आल्या, बसल्या, पोपटपंची सुरू.

१० मार्च, सोमवार

नवा बेत. आधीच्यापेक्षा चांगला.

वन्संना मालिकेत पुढे काय होणार ते सांगायची खोड आहे, आणि हल्ली मेलं दरवेळी खरं ठरतं. शिंपीणबाई तर त्यांना देवाघरची समजते. आता शिंपीणबाईही रोज संध्याकाळी इथेच असते, तिच्या नवऱ्याला बातम्या लागतात.

तर मी सकाळी भाग बघून ठेवायचा. संध्याकाळी दोघींसमोर डोळे मिटून सहज म्हणायचं, मला वाटतं आज असं असं होईल. आणि तस्संच होणार! तीन दिवसांत वन्संची गादी खालसा.

११ मार्च, मंगळवार

सकाळी नीट बघितलं. एक दाढीवाला काळ्या गाडीतून उतरला. थोरली त्याला बघून किंचाळली, खांब धरून रडली. त्याने खिशातून काहीतरी काढून तिला दाखवलं. ती हात जोडत होती. सरळ आहे. गुंड. धमकावायला आलाय.

संध्याकाळी डोळे मिटून सांगितलं, आज घरात गुंड शिरणार.

वन्सं म्हणाल्या, छे हो वहिनी, मला वाटतं तिचा हरवलेला भाऊ येईल. खिशात आईचा फोटो असेल.

भाऊच निघाला. खिशात आईचा फोटो.

शिंपीणबाईने मांडीवर थाप मारली. मी म्हटलं, भाऊ असला म्हणून काय झालं, गुंडही असू शकतो. दोघी हसल्या. पण मला एक कळत नाही. मी भाग आधी बघितला होता. बघितलेला भाग चुकतो कसा? ॲप सकाळी एक दाखवतं आणि संध्याकाळी दुसरं. लेकीला सांगायला हवं.

१३ मार्च, गुरुवार

आज शंका ठेवली नाही. सकाळी दोनदा बघितलं. धाकटी बॅग भरते. थोरली दाराकडे बोट दाखवते, तोंड लालबुंद. म्हणजे, चालती हो. आंधळ्यालाही कळेल.

संध्याकाळी तेच सांगितलं. थोरली धाकटीला घराबाहेर काढणार.

आंधळ्याला कळेल म्हटलं होतं, पण आमच्या वन्संना वेगळंच कळलं. म्हणाल्या, नाही, धाकटी आपणहून निघालीय. आणि थोरली म्हणतेय, त्या दाराबाहेर पाऊल टाकलंस तर माझ्याशी गाठ आहे.

मग टीव्हीत थोरली ओठ हलवायला लागली, आणि वन्सं तिच्याबरोबर बोलायला लागल्या, त्या दाराबाहेर पाऊल टाकलंस तर माझ्याशी गाठ आहे! शब्दाला शब्द. शिंपीणबाई टाळ्या वाजवतेय.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, वन्सं, तुम्ही सारखं बडबडता म्हणून मला टीव्हीतलं काही ऐकूच येत नाही. तोंड बंद ठेवता येत नसेल तर वर येऊ नका.

वन्सं उठल्या. उशी उचलली. कठडा चाचपत खाली गेल्या. शिंपीणबाई जरा वेळ बसली, मग म्हणाली, मशीनला तेल घालायचं राहिलं.

मोकळी झाले. इतके दिवस लागले, पण झालं.

१४ मार्च, शुक्रवार

स्वर्ग.

खुर्चीत मी. कुणी विचारत नाही, कुणी बोलत नाही. पाय लांब केले. ही खुर्ची ह्यांना कशी काय सोसत होती? पाठीला उशी लागते हिला.

मालिका बघितली. धाकटी बसस्टॉपवर बसलीय. कुणीतरी बाई तिच्याशी बोलली, बराच वेळ बोलली. काय बोलली देव जाणे. सवयीने एकदा मीच मोठ्याने म्हटलं, हिरवं घातलंय हो तिने.

मग आठवलं, खुर्चीत मीच आहे.

शांतता चांगली असते. लेकीला स्पीकर पाठवायला सांगितला.

१७ मार्च, सोमवार

स्पीकर आला. पलंगाखाली मावत नाही एवढा लांब. लावला तर खिडकीचं तावदान वाजायला लागलं, कपाटावरचे डबे सरकले. संगीत असं घुमतं की छातीत जाणवतं. दार आपटलं की आपलंच आपटलं वाटतं.

बोलणं मात्र तसंच. पुटपुट. फक्त आता मोठी पुटपुट.

लेकीने तिकडून काहीतरी दाबून टीव्हीखाली अक्षरं आणून दिली. माणसं बोलतात ते लिहून येतं म्हणे. शाळेत मास्तर मला धडा वाचायला उभं करायचे, सगळ्यात खणखणीत वाचणारी मी. पण मास्तर पुस्तक हलवत नव्हते! इथे अर्धी ओळ वाचते तोवर ती पुसून दुसरी. अक्षरं बघावी तर तोंडं राहतात, तोंडं बघावी तर अक्षरं पळतात. थोरली रडत होती ते मला ती जेवायला बसल्यावर कळलं.

लेकीने पुन्हा कानाचं काढलं. डॉक्टरांची वेळ घेऊ का म्हणाली. मी म्हटलं, ह्या आठवड्यात मला वेळ नाही, मालिकेत फार घडामोडी चालल्यात.

१९ मार्च, बुधवार

वन्संच्या दारात चपला! काल मालिकेच्या वेळी खिडकीतून बघितल्या. वन्संची एक जोडी, शिंपीणबाईची एक, गल्लीतल्या नर्सबाईची पांढरी, आणि एक माहीत नाही कुणाची. वन्संकडे टीव्ही नाही, रेडिओ नाही, तिथे चार बायका काय करतात?

दुपारी शिंपीणबाईला ब्लाउजचं निमित्त काढून गाठलं. ती अगदी भाबडेपणाने म्हणाली, अहो, तुमचाच टीव्ही ऐकतो. नवीन स्पीकर काय सुरेख आहे हो! खाली शब्दन् शब्द येतो. वन्सं पलंगावर आडव्या पडतात, आम्ही बाजूने. चहा होतो. सकाळचाही भाग ऐकतात वन्सं, म्हणून तर पुढचं सांगतात.

म्हणजे सकाळी! रोज सकाळी! मी वर दार लावून बघत होते, आणि त्या खाली दात घासत ऐकत होत्या. आणि वर येऊन माझ्यासमोर भविष्य सांगत होत्या!

नेट माझं, कांडी माझी, स्पीकर माझा, आणि थिएटर त्यांचं.

शिंपीणबाई पुढे म्हणाली, फक्त कुणी काय घातलंय ते तेवढं कळत नाही. वन्सं म्हणतात, ते वहिनीच सांगायच्या.

बघा. अडलं ना माझ्यावाचून?

२० मार्च, गुरुवार

सूड. पण हसत हसत घ्यायचा.

ह्या ॲपवर मालिकेचे जुने भागही असतात, पार पहिल्यापासून. तर आज मालिकेच्या वेळेला मी ताजा भाग लावला नाही. गेल्या वर्षीचा लावला. ज्यात म्हातारा सासरा जिवंत आहे. पूर्ण आवाजात. आता खाली बसा म्हणावं डोकं खाजवत. मेलेला माणूस चहा मागतोय!

जमिनीला कान लावून पडले होते. काही ऐकू आलं नाही. बहुतेक घाबरून गप बसल्या.

२१ मार्च, शुक्रवार

शिंपीणबाई रस्त्यात भेटली. म्हणाली, काल सासरेबुवा परत आले, किती बरं वाटलं! त्यांच्यासारखा माणूस नाही. आजपण तेच लावा ना.

लावलं नाही. ताजा लावला. नंतर वाटलं, बघूया तरी, म्हणून परत जुना लावला. मालिकेतली सगळी माणसं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळलीत. मेलेला कोण, जिवंत कोण, भाऊ कुणाचा.

जमीन हादरत होती. फळ्यांना पाय लावला तर कळत होतं. खाली हसत असणार. चार बायका एकदम हसल्याशिवाय फळ्या अशा हलत नाहीत.

मी काही मनाला लावून घेत नाही.

२२ मार्च, शनिवार, संध्याकाळी

खाली जाणार आहे. बसायला नाही. फक्त सांगायला की आवाज कमी करा, माझ्या खोलीत हादरे येतात. माझं बरोबर आहे, घर सगळ्यांचं आहे. जाऊन सांगायचं आणि परत यायचं.

टीव्ही चालूच ठेवतेय. दुपारपासून जुने भाग एकामागून एक लागतायत, रिमोटला हातसुद्धा लावावा लागत नाही. ताजाही तसाच लागेल.

साडेआठ

गेले होते. जरा उशीर झाला यायला.

सगळ्या छताकडे तोंड करून बसलेल्या. वन्सं पलंगावर उताण्या, बाकीच्या उशांना टेकून, आणि चौघींचे डोळे वर. मी दारात उभी राहिले तेव्हा नेमक्या सगळ्या गप्प होत्या. मी म्हटलं, पाच मिनिटं बसते, मग बोलायचंय. वन्संनी अंग चोरून पलंगावर जागा केली.

वन्संनी विचारलं, वहिनी, सुरू झाला ना भाग?

मी म्हटलं, कधीच झालाय. किती स्पष्ट येतोय इथे आवाज!

शिंपीणबाईला ठसका लागला. नर्सबाईने तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. वन्संनी डोक्याखालची उशी सारखी केली. मग त्यांनी नेहमीसारखं, टीव्हीतली माणसं बोलतील तसं बोलायला सुरुवात केली.

थोरली म्हणाली, जा म्हटलं तर लगेच गेलीस? इतक्या वर्षांत माझं एक तरी ऐकलं होतंस का, म्हणून हे ऐकलंस?

धाकटी म्हणाली, मला वाटलं तुम्हाला शांतता हवीय.

थोरली म्हणाली, हवी होती. मिळाली. आता तिचं काय करायचं ते कळत नाहीये.

मी एकदम सरळ होऊन बसले. दोन आठवडे नुसते ओठ हलवणारी माणसं, आज लिहिणाऱ्याला झालंय तरी काय? शब्द असे टपोरे कानात पडत होते. धाकटी म्हणाली, जिना चढताना गुडघे दुखतात, पण न चढता बसले की त्याहून दुखतात. त्यांच्याही घरात जिना आहे हे मला माहीत नव्हतं.

मध्येच वन्सं थांबल्या. सवयीने विचारलं, वहिनी, तिने काय घातलंय?

आता मी खाली, टीव्ही वर. पण तोंडातून आलंच, निळं. शोभतंय तिला. केस मात्र विंचरलेले नाहीत, वाट बघत बसली असणार.

वन्सं म्हणाल्या, मला वाटलंच.

शिंपीणबाईला तर राहवेनाच. तोंड उशीत खुपसून हमसून हमसून रडत होती, खांदे नुसते गदगदत होते. नर्सबाई भिंतीकडे वळून डोळे पुसत होती. इतका हृदयाला भिडणारा भाग मी अख्ख्या मालिकेत बघितला नाही. शेवटी थोरली काहीतरी म्हणाली, ते वन्सं फार हळू बोलल्या, तेवढं निसटलं. मग म्हणाल्या, संपला.

आवाज कमी करा हे सांगायचं राहून गेलं.

वर आले. टीव्हीवर चित्र थिजलेलं, जुन्याच भागाचं, सासरेबुवा चहाचा कप हातात घेऊन. त्यावर मोठ्या अक्षरांत एक प्रश्न: तुम्ही अजून पाहताय का? ही ओळ पळाली नाही. सगळी नीट वाचली. दोनदा वाचली. खाली दोन बटणं, हो आणि नाही.

लेकीला फोन केला. म्हणाली, बराच वेळ कुणी रिमोटला हात लावला नाही की तो असं विचारतो आणि तिथेच थांबतो. ताजा भाग लागलाच नसेल, आई.

लागलाच नाही.

मी जरा खुर्चीत बसले. मग उठले, टीव्ही बंद केला, जिना उतरले. शिंपीणबाईच्या चपला गेल्या होत्या. वन्सं एकट्याच, चहाची भांडी चाचपून गोळा करत होत्या. मी दारातून म्हटलं, वन्सं, शेवटी थोरली काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

असं म्हणाले मी. तोंडाने. नीट.

वन्संनी भांडी खाली ठेवली. म्हणाल्या, आता नाही सांगणार, उद्या या.

मी म्हटलं, उद्या रविवार. रविवारी मालिका नसते.

म्हणाल्या, तुमच्याकडे नसते.